क्रूझच्या थांब्यावर स्वतःचं स्वतः फिरायचंय? आधी हे वाचा

आमच्या सोसायटीतल्या दोन कुटुंबांनी येत्या हिवाळ्यातली सिंगापूरहून निघणारी क्रूझ बुक केली आहे. दोघांनीही मला एकच गोष्ट विचारली : "जहाज पेनांगला सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबतं, म्हणजे नऊ तास फिरायला मिळतात ना?" नऊ मिळत नाहीत, सहा मिळतात. जहाज समुद्रात उभं राहून छोट्या बोटीने नेणार असेल तर साडेचार धरा. हा फरक घरी बसून समजला तर थांबा छान जातो. तिथे गेल्यावर समजला तर पळापळ होते, आणि ती आम्ही फुकेतला करून आलो आहोत.

आम्ही दोन क्रूझ केल्या. पहिली मुंबईहून कोचीची आणि दुसरी सिंगापूरहून मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत अशी. दोन्ही वेळा मी, हे आणि आमच्या ७२ वर्षांच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, असे तिघं होतो. नागपूरच्या माणसाला रेल्वे कळते, एसटी कळते. जहाजाचं वेळापत्रक मात्र आपल्या अंगवळणी पडलेलं नसतं. म्हणून अगदी पहिल्यापासून लिहिते.

१. जहाज नेमकं कुठे लागतं ते शोधा

माहितीपत्रकात शहराचं नाव असतं, बंदर भलतीकडेच असू शकतं. सगळ्यात मोठा घोळ क्वालालंपूरचा. पत्रकात "क्वालालंपूर" लिहिलेलं असलं तरी जहाज लागतं पोर्ट क्लांगला, आणि तिथून ते पेट्रोनासचे जुळे मनोरे साधारण रामटेक ते नागपूर इतके लांब आहेत. त्यात राजधानीची वाहतूक. तास-सव्वा तास जायला आणि तेवढाच परत यायला धरला की हातात काय उरतं ते मोजून पाहा.

याउलट पेनांग. जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं आणि फाटकाबाहेर पडलात की तुम्ही जॉर्जटाउनच्या जुन्या शहरातच असता. गाडी लागत नाही. कोचीला जहाज विलिंग्डन बेटावर लागतं. फोर्ट कोची तिथून जवळ आहे, पण मधे पाणी आणि पूल आहेत, त्यामुळे ऑटो किंवा फेरी लागतेच.

दुसरी गोष्ट विचारायची ती ही, की जहाज धक्क्याला लागणार की खोल पाण्यात नांगर टाकणार. नांगर टाकला तर किनाऱ्यावर नेण्यासाठी छोट्या बोटी असतात, त्यांना टेंडर म्हणतात. फुकेतला काही जहाजं आव माखामच्या बंदराला लागतात, काही पातोंगच्या खाडीत उभी राहतात. आमचं पातोंगला उभं होतं. टेंडरसाठी आधी नंबराचा कागद घ्यावा लागतो, मग आपला नंबर पुकारेपर्यंत बसून राहायचं. समुद्र खवळलेला असेल तर टेंडर बंद राहतात आणि तो थांबाच रद्द होतो. म्हणून टेंडरच्या बंदरावर आगाऊ पैसे भरून परत न मिळणारं कसलंही तिकीट काढू नका.

घरी नकाशात बंदराचं फाटक शोधा, तिथे खूण करा आणि त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. इंटरनेट नसतानाही तो चालतो.

२. परतीच्या वेळेपासून उलटं मोजा

आपण सहलीचा बेत नेहमी सकाळपासून आखतो : आठला उतरू, नऊला हे बघू, दहाला ते बघू. थांब्याचा बेत संध्याकाळकडून मागे आखायचा असतो. मी वहीत असा आखते, पेनांगचं उदाहरण घ्या.

जहाज सुटणार : ५.००
सगळ्यांनी जहाजावर असण्याची शेवटची वेळ, म्हणजे ऑल अबोर्ड : ४.३०
आपण बंदराच्या फाटकाशी असण्याची वेळ : ३.३०
शेवटचं ठिकाण सोडायची वेळ : ३.००

आता सकाळ. जहाज आठला लागतं, पण लागल्याबरोबर कोणी उतरत नाही. स्थानिक अधिकारी कागद तपासतात, मग घोषणा होते, मग गँगवेपाशी, म्हणजे जहाजातून उतरायच्या जिन्यापाशी, रांग, मग इमिग्रेशन. सव्वानऊला फाटकाबाहेर पडलात तर लवकर पडलात. म्हणजे सव्वानऊ ते तीन. त्यातलं जेवण पाऊण तास. बाकी वेळ तुमचा.

ऑल अबोर्डची वेळ जहाजाप्रमाणे आणि बंदराप्रमाणे बदलते. सुटण्याआधी अर्धा तास असते, कुठे एक तास. बुकिंगच्या वेळी मिळालेल्या कागदावरून ती ठरवू नका. आदल्या रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं किंवा जहाजाच्या ॲपवर दिसतं. खरी वेळ तीच. त्याचा फोटो तिघांच्याही फोनमध्ये ठेवायचा.

तो एक तासाचा राखीव वेळ कुणालाही खर्च करू देऊ नका. खरेदीत रमलेल्या नातेवाइकांना तर मुळीच नको. स्वतःचं स्वतः फिरायला गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. बंदरात उभं राहण्याचे पैसे असतात, पुढच्या बंदराची वेळ ठरलेली असते, आणि दोन-तीन हजार माणसं आत बसलेली असतात.

३. कुठल्या घड्याळावर चालायचं ते आधी ठरवा

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि आमची चूकही इथेच झाली.

सिंगापूर आणि मलेशियाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. थायलंडची दीड तासच पुढे. म्हणजे सिंगापूरहून फुकेतला गेलात की घड्याळ एक तास मागे जातं. पण जहाज आपलं घड्याळ बदलेलच असं नाही. आमच्या जहाजाने बदललं नव्हतं. जहाजाची वेळ सिंगापूरचीच राहिली, शेवटची टेंडर त्या वेळेने साडेपाचला होती, आणि आमच्या फोनने किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडल्याबरोबर मुकाट्याने थायलंडची वेळ लावली.

आम्ही फुकेतच्या जुन्या शहरात होतो. रंगीत जुन्या इमारतींची रांग, आईंना आवडलेलं एक कापडाचं दुकान, थंड शहाळं. यांनी फोन बघितला, सव्वातीन. "अजून सव्वादोन तास आहेत, आरामात बसू." आई म्हणाल्या, "माझ्यात तर सव्वाचार वाजलेत रे." त्यांच्या मनगटावर चावीचं जुनं एचएमटी घड्याळ. सिंगापूरला उतरल्यावर एकदा लावलेलं, नंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. मिनिटभर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. जुन्या शहरापासून पातोंग १५ किलोमीटरच्या आसपास आहे, पण मधे डोंगर आणि वळणांचा रस्ता, आणि त्या वेळी तो गाड्यांनी भरलेला. टेंडरच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती, जहाजाच्या वेळेने. आईंना हाताला धरून जवळजवळ ओढत नेलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून : उतरण्याआधी जहाजाच्या रिसेप्शनवर विचारा, "आज जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ एकच आहे का?" आणि घरातल्या एका माणसाच्या हातात साधं, नेटवर्कशी संबंध नसलेलं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा. दिवसभर त्याच घड्याळाचं ऐकायचं. फोनमध्ये वेळ आपोआप बदलण्याची सोय बंद करता येते, तीही करा, पण भरवसा मनगटावरच्या घड्याळावर.

४. कागदपत्रं

देशांतर्गत क्रूझला, म्हणजे मुंबईहून गोवा-कोचीकडे, पासपोर्ट लागत नाही. आधारसारखं फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र चालतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हीच क्रूझ सुचवते. थांब्याचा सगळा सराव होतो, आणि चूक झाली तर आपण आपल्याच देशात असतो, रात्रीची रेल्वे पकडून घरी येता येतं. या क्रूझ पावसाळ्यात बंद असतात हे लक्षात ठेवून सुट्ट्या टाका.

सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझसाठी लागतं ते असं :

— पासपोर्ट. प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध असलेला.
— सिंगापूरचा व्हिसा. तो काढताना एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश मिळतो ना, हे तपासा. तुम्ही विमानाने आत जाता, जहाजाने बाहेर पडता आणि जहाजानेच पुन्हा आत येता, म्हणजे दोन प्रवेश झाले. एजंटला "सिंगापूर पाच दिवस" एवढंच सांगितलं तर हे त्याच्या लक्षात येईलच असं नाही. "क्रूझने परत येणार आहे" हे शब्द उच्चारा.
— सिंगापूरचं अरायव्हल कार्ड. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, दोनदा : एकदा विमानासाठी, एकदा जहाजाने परत येण्यासाठी. दुसऱ्यांदाचं जहाजावर बसून भरावं लागतं, म्हणून तेवढ्यापुरतं इंटरनेट हवं.
— थांब्याच्या प्रत्येक देशाचा नियम. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला. थायलंडचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले, आणि १ मे २०२५ पासून तिथे डिजिटल अरायव्हल कार्ड आलं. निघण्याच्या महिनाभर आधी आणि पुन्हा आठवडाभर आधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघा. क्रूझ कंपनीला लेखी विचारा, की ही कार्डं आम्ही भरायची की जहाज भरतं. ईमेलचं उत्तर जपून ठेवा.
— प्रवास विमा. त्यात जहाज चुकल्यास मदत आणि परदेशी दवाखान्याचा खर्च आहे का ते वाचा.
— पासपोर्ट आणि व्हिसाच्या दोन-दोन झेरॉक्स, आणि फोनमध्ये फोटो.

सापळा : सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड, तिन्ही देशांची अरायव्हल कार्डं फुकट असतात. शोधल्यावर वरती दिसणारी काही संकेतस्थळं अगदी सरकारी वाटतात आणि पैसे मागतात. पैसे मागितले की पान बंद करा.

आणखी एक. काही मार्गांवर जहाजाचे अधिकारी चढतानाच पासपोर्ट ठेवून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. घाबरायचं कारण नाही, पण मग बंदरावर तुमच्याजवळ झेरॉक्स आणि जहाजाचं कार्ड एवढंच असतं. ते कार्ड हरवू नका. गँगवेवर तेच स्कॅन होतं, कोण परत आलं आणि कोण नाही हे जहाजाला त्याच्यावरूनच कळतं. आईंचं कार्ड मी गळ्यातल्या दोरीला लावलं होतं.

५. स्वतः कुठे जायचं, आणि जहाजाची सहल कुठे घ्यायची

जहाज स्वतःच्या सहली विकतं आणि त्या महाग असतात. पण त्यांच्या किमतीत एक गोष्ट धरलेली असते : जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज वाट बघतं. तो विमाच समजा. मग प्रश्न एवढाच उरतो, की तो विमा कुठे घ्यायचा.

माझा हिशेब असा. ठिकाण बंदरापासून चालत किंवा अर्ध्या तासाच्या गाडीवर असेल, परतीचे दोन वेगवेगळे रस्ते असतील, तर स्वतः जा. एकच रस्ता असेल, तासापेक्षा लांब असेल, किंवा पुन्हा दुसऱ्या बोटीत बसायचं असेल, तर जहाजाची सहल घ्या. पेनांग, फोर्ट कोची : स्वतः. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर : जहाजाची बस. फुकेतहून फी फी बेटं : वेळ पुरत असेल तर जहाजाच्या सहलीनेच, नाहीतर नाव काढू नका. जलद बोटीलाही एका बाजूला तासभर लागतो, आणि ती बोट दुपारी परत कधी निघणार हे तुमच्या हातात नसतं.

आमचं फुकेतचं जुनं शहरही या हिशेबात काठावरचं होतं. आता पातोंगला गेले तर मी किनाऱ्यावरच राहीन.

लक्षद्वीपचा थांबा असेल तर तिथे स्वतःचा बेत आखायचा विचार सोडा. बेटांवर जायला परवाना लागतो, तो क्रूझतर्फे ठरलेल्या कार्यक्रमासाठी काढलेला असतो. आणि नांगर खोल पाण्यात, म्हणजे पुन्हा छोट्या बोटी.

६. वार बघा

थांबा एकाच दिवसाचा असतो. त्या दिवशी जे बंद, ते आपल्यासाठी कायमचं बंद. कोचीला आम्ही शनिवारी होतो. मट्टनचेरीचं परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८ सालचं, ज्याच्यासाठी यांनी महिनाभर वाचन केलं होतं, ते शनिवारी बंद असतं; ज्यूंचा तो सुट्टीचा वार. शेजारचा मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी बंद असतो. थोडक्यात शुक्रवार-शनिवारी कोचीचा थांबा आला तर बेत त्याप्रमाणे बदला.

आम्ही मग सेंट फ्रान्सिस चर्चला गेलो. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला, त्याला इथेच पुरलं होतं आणि १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. रिकाम्या थडग्यापाशी आई बराच वेळ उभ्या होत्या. नंतर चिनी जाळ्यांजवळ बसलो. चार-पाच माणसं दगड बांधलेल्या दोऱ्या ओढून एवढं मोठं जाळं पाण्यातून वर काढतात, ते बघताना तास गेला. यासाठी कुठलंच तिकीट लागत नाही, आणि हे रोज असतं.

दक्षिण भारतीय पद्धतीची देवळं दुपारी बंद होतात. पेनांगमधली तमिळ देवळंही त्यातच आली. देऊळ बघायचं असेल तर ते सकाळी पहिलं ठेवा.

७. एक नमुना : पेनांगचे सहा तास

जॉर्जटाउनला २००८ साली मलाक्कासोबत युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. जुनं शहर लहान आहे आणि बरंचसं चालत होतं. आम्ही असं केलं.

फाटकाबाहेर पडल्यावर टॅक्सीवाले घेरतात, हसून "नको" म्हणा आणि चालत राहा. समोरच राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा घड्याळाचा मनोरा दिसतो. राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून तो ६० फुटी बांधला. शेजारी कॉर्नवॉलिस किल्ला. पेनांगला इंग्रजांची वसाहत वसवणारा फ्रान्सिस लाइट १७८६ मध्ये याच भागात उतरला. आमच्या सीताबर्डीच्या किल्ल्यासारखा उंचावर वगैरे नाही, सपाट जमिनीवर, समुद्राला लागून. बाहेरून बघितला तरी चालतो.

तिथून लिटल इंडिया. तमिळ गाणी, मोगऱ्याचे गजरे, साड्यांची दुकानं, आणि क्वीन स्ट्रीटवर १८३३ सालचं श्री महामारिअम्मन मंदिर. आईंनी तिथे दर्शन घेतलं आणि त्यांचा दिवस खऱ्या अर्थाने सुरू झाला. शाकाहारी माणसाने जेवणही याच भागात उरकून घ्यावं. केळीच्या पानावर भात, सांबार, भाज्या मिळतात. पुढे चिनी गल्ल्यांत शाकाहारी म्हणून विचारलं तरी माशाचा किंवा कोळंबीचा अंश असू शकतो.

नंतर कपितान केलिंग मशीद, त्याच रस्त्यावर दया-देवीचं चिनी देऊळ. एकाच रस्त्याच्या कडेने वेगवेगळ्या धर्मांची एवढी जुनी प्रार्थनास्थळं, आणि उदबत्तीचा धूर रस्त्यापर्यंत आलेला. मग आर्मेनियन स्ट्रीट. तिथे २०१२ साली अर्नेस्ट झकारेविचने भिंतीवर रंगवलेली सायकलवरची दोन मुलं आहेत. सायकल खरी आहे, भिंतीला टेकवलेली. फोटोसाठी रांग असते, जास्त वेळ देऊ नका.

वेळ ठेवायचा तो च्यू जेट्टीसाठी. समुद्रात खांब रोवून त्यावर बांधलेली चिनी कुटुंबांची वस्ती आहे ही. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालायचं, दोन्ही बाजूंना घरं, घरांत देवघरं, खाली पाणी. लोक तिथे अजून राहतात, तेव्हा दारातून आत डोकावू नका, आवाज कमी ठेवा. आई एका ओट्यावर टेकल्या. घरातल्या म्हाताऱ्या बाईने काही न बोलता पंखा त्यांच्याकडे वळवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दहा मिनिटं दोघी बसून होत्या. या दहा मिनिटांसाठी मी बेतातली बाकीची दोन ठिकाणं सोडली.

पेनांग हिलची झुकझुक आणि केक लोक सी देऊळ बघायचं असेल तर जुनं शहर सोडा. जेट्टीजवळच्या बस स्थानकावरून २०४ नंबरची बस तिकडे जाते, पण वर जाणाऱ्या गाडीला शनिवार-रविवारी लांब रांग असते. दोन्ही करायला जाल तर दोन्ही अर्धवट होतील. शहरात पाय दुखले तर फुकट फिरणारी कॅट बस आहे.

उन्हाबद्दल एक सांगते. आपण ४५ डिग्रीतले लोक, ३२ डिग्रीचं काय ते, असं मलाही वाटलं होतं. नागपूरचं ऊन कोरडं. तिथे घाम सुकतच नाही, तासाभरात दम लागतो. दर तासाला सावलीत दहा मिनिटं, हे बेतातच लिहून ठेवा. छत्री घ्या, ऊन आणि पाऊस दोन्हीला उपयोगी.

८. फोन, पैसे, गाडी

जहाजावर चढताच फोन एअरप्लेन मोडवर टाका. खोल समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं आणि फोन ते परस्पर पकडतो. आपल्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा धरलेलं नसतं. बिल घरी आल्यावर कळतं.

थांब्याच्या देशांत गाडी बोलवायचं ग्रॅब ॲप उपयोगी पडतं, भाडं आधीच दिसतं. ते नागपुरातच फोनमध्ये घ्या, नोंदणी करा आणि कार्ड जोडून बघा. कारण कार्ड जोडताना ओटीपी भारतीय नंबरावर येतो, आणि तिथे स्थानिक सिम टाकलेलं असेल तर तो येत नाही. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार चालू केले आहेत ना, हेही बघा. नवीन कार्डांवर ते मुळात बंद असतात.

रोख रक्कम थोडी, पण लहान नोटांत. एका दिवसासाठी मलेशियाचे रिंगिट आणि एका दिवसासाठी थायलंडचे बात, उरल्या तर परत बदलताना तोटा होतो. धरमपेठ किंवा सदरच्या परकीय चलनाच्या दुकानात लहान नोटा हव्यात म्हणून दोन दिवस आधी सांगून ठेवा. जहाजाच्या काउंटरवरही बदलून मिळतं, दर कमी मिळतो.

परतीच्या गाडीचालकाला "जहाज" किंवा "पोर्ट" एवढंच सांगू नका. धक्क्याचं नाव लिहिलेला फोटो दाखवा. टेंडरच्या ठिकाणी तर आपण ज्या जागी उतरलो तिथला फोटो उतरताच काढायचा. किनारा लांब असतो आणि सगळा सारखाच दिसतो.

९. पिशवीत काय आणि काय नको

पाण्याची बाटली, छत्री, रोजची औषधं दोन दिवसांची जास्तीची, एक जोडी कपडे नसले तरी चालतील पण चष्मा आणि औषधं नक्की. देवळांसाठी खांदे-गुडघे झाकणारी ओढणी. सोनं केबिनच्या तिजोरीत.

जहाजाच्या बुफेतली फळं, अंडी, ब्रेड पिशवीत घालून बंदरावर उतरवायची नाहीत. बहुतेक देशांत बाहेरचं ताजं अन्न आणायला मनाई किंवा निर्बंध असतात. घरून नेलेली संत्रीसुद्धा याच नियमात येतात, मनाला लागलं तरी. बंद पाकिटातला चिवडा, खाकरा, संत्रा बर्फी जहाजावर सहसा चालते, पण तेही आधी विचारून घ्या.

आणि राजेहो, खर्रा. सिंगापूरमध्ये चघळायची तंबाखू नेण्यावरच बंदी आहे. च्युइंगगमवरही. खिशात राहिलेली पुडीसुद्धा अडचणीत आणू शकते. जाकिटाचे, पँटचे, बॅगेचे सगळे खिसे घरी उलटे करून बघा. ही जबाबदारी घरातल्या बाईने स्वतःकडे घेतलेली बरी. तिथल्या नियमांमुळे खसखस लावलेले अनारसेही घरीच ठेवा.

१०. जहाज चुकलंच तर

रोजच्या पत्रकात त्या बंदरावरच्या पोर्ट एजंटचं, म्हणजे जहाजाचं तिथलं काम बघणाऱ्या माणसाचं, नाव आणि फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढा आणि नंबर कागदावरही लिहा, फोन बंद पडू शकतो. उशीर होतोय असं दिसताच, चुकायच्या आधीच, त्याला फोन करा. जहाजाशी त्याचा संपर्क असतो. टेंडर पाच मिनिटं थांबवणं कधी जमतं, कधी जमत नाही, पण आपण कुठे आहोत हे तरी त्यांना कळतं.

जहाज गेलंच असेल तर बंदराच्या फाटकाशीच जा. प्रवासी आले नाहीत असं दिसल्यावर केबिनमधून पासपोर्ट काढून एजंटकडे देऊन जाण्याची पद्धत बऱ्याच जहाजांवर आहे. मग पुढच्या बंदराला किंवा थेट सिंगापूरला आपल्या खर्चाने जायचं. विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर इथे लागतो. आणि सिंगापूरचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर इथे खरी पंचाईत होते, म्हणून वर एवढं सांगितलं.

वयस्क माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर घरातल्यांनी दोन गट करून वेगवेगळं फिरू नका. एक गट वेळेत आणि दुसरा बाहेर, यापेक्षा वाईट काही नाही.

११. परतीचा दिवस

शेवटच्या रात्री बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात, सकाळी त्या धक्क्यावर मिळतात. पासपोर्ट, औषधं, सिंगापूरचं दुसरं अरायव्हल कार्ड आणि सकाळी घालायचे कपडे त्या बॅगेत जाऊ देऊ नका. आमच्या शेजारच्या केबिनमधल्या काकांच्या चपला गेल्या होत्या.

जहाज सकाळी लागलं तरी बाहेर पडायला दहा-अकरा वाजू शकतात. विमान दुपारी तीनच्या आधीचं घेऊ नका. नागपूरला थेट विमान नाही, मुंबई किंवा चेन्नईला बदलायचं. दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढा, म्हणजे पहिलं विमान लांबलं तर पुढचं चुकण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. जातानाही क्रूझच्या किमान एक दिवस आधी सिंगापूरला पोचा. मुंबईहून निघणारी क्रूझ असेल तर विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सोडते, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळ आहे. पण त्याच सकाळी उतरून त्याच दुपारी जहाज, हा बेत टाळा. एक रात्र मुंबईत काढा आणि घड्याळाला चावी द्या.